विहिरीत टीसीएल: किती, कशी आणि लागू पडली हे कसे ओळखायचे

गावात गॅस्ट्रोची साथ आली की पहिला प्रश्न येतो, "विहिरीत टीसीएल टाकली होती का?" बहुतेक वेळा "टाकली होती" असेच उत्तर मिळते आणि ते खरेही असते. पण टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकली एवढ्यावर काही ठरत नाही. किती पाण्याला किती पावडर पडली, त्या पावडरीत दम किती होता आणि तासाभराने पाण्यात क्लोरीन शिल्लक राहिला होता का, यावर सगळे ठरते. जलसुरक्षक, ग्रामपंचायत सदस्य, वाडीवरच्या खासगी विहिरीवर पाणी भरणारी घरे, सगळ्यांसाठी हे मोजमाप एकच आहे.

पावडरीत दम आहे का

ताज्या ब्लिचिंग पावडरीत वजनाच्या साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. हवा, ऊन आणि ओल या तिन्हींनी तो उडून जातो. पंचायतीच्या खोलीत गोणीचे तोंड सुतळीने अर्धवट बांधून ठेवलेली पावडर पावसाळ्याच्या दोन महिन्यांत नुसता चुना होऊन बसते. ग्रामपंचायतींच्या पावडरीचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि २० टक्क्यांखाली क्लोरीन निघाला की ती निकृष्ट धरतात. अहवाल हातात येईपर्यंत डोळे आणि नाक वापरा. चांगली पावडर कोरडी, मोकळी, पांढरी असते आणि डबा उघडताच वास झोंबतो. तिचे खडे झाले असतील, बोटाला ओल लागत असेल किंवा वास मंद झाला असेल, तर ती पावडर विहिरीसाठी धरू नका. गटारीच्या कडेला टाकायला चालेल.

पावडर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात, फळीवर, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. लोखंडी डबा लवकर गंजतो. रॉकेल, तेल, खते आणि संडास धुण्याचे ॲसिड त्या खोलीत ठेवूच नका, कारण ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. पिंपावर खरेदीची तारीख खडूने लिहा आणि जुनी पावडर आधी संपवा.

विहिरीत पाणी किती

दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. दोरी जिथपर्यंत ओली झाली ती खोली. विहिरीचा व्यास आतल्या बाजूने, पाण्याच्या पातळीजवळ घ्या. बांधकामाची जाडी धरली की हिशेब चुकतो. दोन्ही मापे मीटरमध्ये असतील तर:

लिटर = ३.१४ × व्यास × व्यास × खोली ÷ ४ × १०००

फुटांत मोजले असेल तर व्यास × व्यास × खोली करून त्याला २२ ने गुणा. उत्तर लिटरमध्येच येते, थोडे कमी येते इतकेच.

उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर २८,२६० लिटर. याच विहिरीत मे महिन्यात दीड मीटर पाणी उरले तर ते १०,६०० लिटर भरते आणि ऑगस्टमध्ये ६ मीटर चढले की ४२,३९० लिटर. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. उन्हाळ्यात ठरवलेली वाटी पावसाळ्यातही तीच राहते. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने मे महिन्यात ५३ ग्रॅम लागत होते, ऑगस्टमध्ये २१२ ग्रॅम लागतात. वाटी तीच राहिली तर हजार लिटरला जेमतेम सव्वा ग्रॅम पडतो, आणि तोही पाणी वर्षातले सर्वांत घाण असते तेव्हा. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून किमान एकदा खोली नव्याने मोजा आणि विहिरीच्या कठड्यावर आतून मीटरच्या खुणा रंगवून घ्या. मग रोज दोरी सोडावी लागत नाही.

डोस ठरवणे

पुस्तकी हिशेब असा: चांगली पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम टाकली की पाण्यात साधारण ०.७ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.७ मिलिग्रॅम क्लोरीन जातो. पाणी नितळ असेल तर एवढे पुरते. आपल्या उघड्या विहिरींचे पाणी क्वचितच तसे असते. पालापाचोळा, शेवाळ, झिरपलेले सांडपाणी, लोह, अमोनिया हे सगळे जंतूंच्या आधी क्लोरीन खाऊन टाकतात. त्याला पाण्याची क्लोरीनची मागणी म्हणतात. ती भागल्यावर जो उरतो तोच कामाचा. म्हणून ५ ग्रॅमपासून सुरुवात करणे शहाणपणाचे, आणि नेमका आकडा हवा असेल तर हॉरॉक्स चाचणी करावी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी फौजेच्या पाण्यासाठी बसवलेली ही पद्धत आजही विहिरीवर उभ्या उभ्या करता येते.

संचात एक काळा कप, २०० मिलिलिटरचे सहा पांढरे कप, २ ग्रॅमचा चमचा, काचेच्या कांड्या, एक खास पिपेट आणि स्टार्च-आयोडाइडचे द्रावण असते. काळ्या कपात सपाट एक चमचा पावडर घ्या, थेंब थेंब पाणी घालून गाठी मोडा, मग आतल्या खुणेपर्यंत पाणी भरून जोरात ढवळा आणि साका बसू द्या. पांढऱ्या कपांत विहिरीचे पाणी काठाच्या बोटभर खालपर्यंत भरा. काळ्या कपातली वरची निवळ पिपेटने उचलून पहिल्या कपात १ थेंब, दुसऱ्यात २, असे सहाव्यात ६ थेंब टाका. प्रत्येक कप वेगळ्या कांडीने ढवळा. एकच कांडी फिरवली तर सहाव्या कपातला क्लोरीन पहिल्यात जातो आणि चाचणी फुकट जाते. पूर्ण अर्धा तास थांबा. मग प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडचे ३ थेंब टाकून ढवळा. ज्या पहिल्या कपात स्पष्ट निळा रंग दिसेल त्याचा क्रमांक लिहा. जितका क्रमांक तितके चमचे, म्हणजे क्रमांकाच्या दुप्पट ग्रॅम, ४५५ लिटर पाण्याला लागतात.

वरच्या विहिरीत तिसरा कप निळा झाला असे धरू. ४५५ लिटरला ६ ग्रॅम, तर २८,२६० लिटरला सुमारे ३७३ ग्रॅम. हजारी ५ ग्रॅमच्या हिशेबाने फक्त १४१ ग्रॅम पडले असते. हा फरक म्हणजे त्या पाण्यातली घाण. या चाचणीचा आणखी एक फायदा आहे: तुमचीच पावडर वापरलेली असल्याने तिच्यात किती क्लोरीन उरला आहे तेही आपोआप धरले जाते. हॉरॉक्स न करता नुसता हिशेब करत असाल तर पावडरीची टक्केवारी धरावी लागते. २० टक्क्यांच्या पावडरीला १४१ ग्रॅमचे १४१ × ३३ ÷ २०, म्हणजे २३३ ग्रॅम होतात.

सहाही कप पांढरेच राहिले तर पावडर मेली आहे किंवा पाणी फार खराब आहे. कोणते ते ओळखायला हीच चाचणी उकळून गार केलेल्या नितळ पाण्यावर पुन्हा करा. तिथे पहिल्या-दुसऱ्या कपातच निळा आला तर पावडर ठीक आहे, दोष विहिरीत आहे. अशा वेळी डोस वाढवत बसू नका. विहिरीत काय येते आहे ते आधी शोधा.

मिसळणे

नाका-तोंडाला ओले फडके किंवा मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि वारा पाठीशी घेऊन उभे राहा. प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर घ्या, एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. थोड्या पाण्यात पातळ खिरीसारखी कालवा. गाठी राहिल्या तर त्यांच्या आतला क्लोरीन बाहेर येत नाही आणि त्या तशाच तळाशी बसतात. मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि ५ ते १० मिनिटे अजिबात हलवू नका.

आता बादलीत दोन थर दिसतील. वर किंचित हिरवट झाक असलेले, वास मारणारे पाणी आणि खाली पांढरा चुन्याचा साका. क्लोरीन वरच्या पाण्यात आहे. ते अलगद दुसऱ्या बादलीत ओतून घ्या आणि साका विहिरीपासून लांब खड्ड्यात टाका. तो विहिरीत गेला तर पाण्याचा जडपणा वाढतो, डाळ शिजत नाही अशी तक्रार येते आणि लोक पावडरीलाच नावे ठेवू लागतात.

निवळ पाण्याची बादली दोरीने विहिरीत पाण्याच्या पातळीखाली उतरवा आणि वर-खाली, आडवी, चारही बाजूंना जोरात हलवा. पुन्हा वर ओढा, पुन्हा सोडा. काठावरून ओतून दिलेले द्रावण वरच्या थरात राहते. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारे टोक, तळाशी असेल तर नळाला येणारे पाणी तसेच कोरे राहते. मोटार असेल तर पाइप सोडून पाणी विहिरीतच दहा-पंधरा मिनिटे फिरवणे हा सर्वांत चांगला उपाय.

हे काम रात्री, शेवटचे पाणी भरून झाल्यावर करावे. किमान एक तास कोणी पाणी उपसू नये, आणि रात्रभर मिळाला तर उत्तमच.

तासाभराने: ओटी टेस्ट

पावडर टाकल्याची नोंद वहीत होते, पण खरी नोंद या ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन चाचणीची हवी. किटमधली नळी विहिरीच्या पाण्याने दोनदा विसळा, खुणेपर्यंत पाणी भरा, किटवर सांगितलेले ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका, झाकण लावून एकदा उलटी करा. रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत बघा. उन्हाकडे पाठ करून, मागे पांढरा कागद धरून नळी रंगपट्टीशी जुळवा. विहिरीत ०.५ पीपीएम मोकळा क्लोरीन दिसला पाहिजे.

दहा सेकंदांचा आग्रह यासाठी की पाण्यात अमोनिया असला तर क्लोरीन त्याच्याशी बांधला जातो आणि हा बांधलेला क्लोरीनही पंधरा-वीस मिनिटांत नळी पिवळी करतो. त्याची जंतू मारायची ताकद मोकळ्या क्लोरीनच्या तुलनेत फार कमी असते. सावकाश नळी बघणाऱ्याला पाणी शुद्ध दिसते आणि गाव आजारी पडते. पाण्यातले लोह, मँगनीज आणि नायट्राइटही असाच फसवा पिवळा रंग देतात. म्हणून पावडर टाकण्याआधी एकदा कोऱ्या पाण्याची नळी करून बघा. तीच पिवळी झाली तर या विहिरीवर ओटीवर विसंबू नका. ऑर्थोटोलिडीन शरीराला घातक आहे. हाताला लागू देऊ नका आणि तपासलेले पाणी विहिरीच्या आसपास ओतू नका.

परवडत असेल तर डीपीडी गोळीचे किट घ्या, त्यात गुलाबी रंग येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि पाणी कोरे वाटते. शंका आली की नमुना उकळून गार केलेल्या पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा बघा.

गढूळ पाण्यात क्लोरीन का हरतो

मातीच्या कणाच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे मागे वळले. तिथे तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवले गेले. विषमज्वर आणि आमांश वाढले नाहीत, कारण जिवाणू मेले. पण काविळीचे २९,००० हून अधिक रुग्ण निघाले. विषाणू तगून राहिले होते. ती हिपॅटायटिस ई ची साथ होती हे पुढे साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून उलगडले. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तीही हिपॅटायटिस ई चीच.

यातून कामाची गोष्ट अशी: पहिल्या पुराचे लाल पाणी विहिरीत उतरले असेल तर दुप्पट टीसीएल टाकून भागत नाही. पाणी उपसून टाका किंवा निवळू द्या, मगच क्लोरीन. पाण्याचा सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तरीही क्लोरीन मंदावतो, तिथे संपर्काचा वेळ वाढवा. आणि नायट्रेट, फ्लोराइड, कीटकनाशके यांवर क्लोरीनचा काही उपयोग नाही. त्यासाठी रासायनिक तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

पूर ओसरल्यावर विहीर साफ करताना आत माणूस उतरवण्याची घाई नको. जुन्या, खोल विहिरीत प्राणवायू कमी असतो आणि एकाला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच कोंडतो. गाळ काढल्यावर आतल्या भिंती ०.२ टक्के क्लोरीनच्या पाण्याने, म्हणजे २५ टक्क्यांची पावडर असेल तर लिटरला ८ ग्रॅम, या द्रावणाने ब्रशने घासून घ्या. नंतरचे पहिले पाणी उपसून फेकून द्या.

लहान विहिरींसाठी दुहेरी मडके

रोज पावडर टाकणारे कोणी नसेल अशा घरगुती आडासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने दुहेरी मडक्याची पद्धत दिली आहे. बाहेरचे मडके आतून ३० सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद, आतले २८ उंच आणि १६ रुंद. दोन्हींना १ सेंटिमीटरचे एकेक भोक: आतल्या मडक्याला वर काठाजवळ, बाहेरच्याला बुडापासून ४ सेंटिमीटरवर. १ किलो ब्लिचिंग पावडर आणि २ किलो जाड वाळू, दाणा साधारण २ मिलिमीटरचा, एकत्र करून किंचित ओलवा. हे मिश्रण आतल्या मडक्यात भोकाच्या ३ सेंटिमीटर खालपर्यंत भरा, ते बाहेरच्या मडक्यात ठेवा आणि तोंड प्लॅस्टिकने बांधा. मग पाण्याच्या पातळीखाली किमान १ मीटर, पोहरा आदळणार नाही असे लोंबकळत ठेवा.

साधारण ४,५०० लिटर पाणी आणि दिवसाला ३६० ते ४५० लिटर उपसा असलेल्या विहिरीला हे दोन ते तीन आठवडे पुरते. बारीक वाळू घातली की भोक चोंदते. सार्वजनिक मोठ्या विहिरीत हे मडके सोडून निर्धास्त राहणे ही सरळ चूक आहे. मडके असले तरी ओटी टेस्ट चुकवू नका.

शेवटचा नळ

विहिरीतले पाणी जलकुंभात चढवत असाल तर टाकी अर्धी भरताना द्रावण सोडा, म्हणजे पडणाऱ्या पाण्याने ते आपोआप मिसळते. ५०,००० लिटरच्या टाकीला ५ ग्रॅमच्या हिशेबाने पाव किलो पावडर लागते. मग चाचणी टाकीखाली न करता गावातल्या सर्वांत लांबच्या आणि सर्वांत खोलगट भागातल्या नळाला करा. तिथे किमान ०.२ पीपीएम हवा, आणि साथीच्या किंवा काविळीच्या काळात ०.५. टाकीखाली ०.८ आणि शेवटच्या घरी शून्य येत असेल तर मधे कुठेतरी गळती आहे. पाणी बंद असताना तीच गळती गटाराचे पाणी आत ओढते. अर्ध्या अर्ध्या अंतरावर नमुने घेत गेलात तर कोणत्या दोन व्हॉल्व्हच्या मधे क्लोरीन हरवतो ते तासाभरात सापडते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, तेव्हाही चौकशी विहिरीपासून नळापर्यंतच्या पाण्याकडेच वळली.

साथ आलीच तर

एकाच वस्तीत दोन-तीन घरांत ढाळ-उलट्या सुरू झाल्या की टीसीएलचे पिंप उघडण्याआधी पाण्याचा नमुना घ्या. पावडर पडली की पुरावा गेला. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली वापरा. तिच्यातले सोडियम थायोसल्फेट पाण्यातला क्लोरीन निकामी करण्यासाठी असते, ते विसळून टाकू नका. जवळ एचटूएसची, म्हणजे मैलाचे जंतू असले तर काळी पडणारी चाचणीची बाटली असेल तर तीही भरा. उबदार जागी १८ ते २४ तासांत पाणी काळे पडले तर मैलमिश्रणाचा संशय पक्का धरा. विहिरीला मुळातच गंधकाचा वास असेल तर मात्र ही बाटली उगाचच काळी पडते. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच तासाला कळवा, रुग्णाच्या शौचाचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी घेतला जाईल असे बघा.

रुग्णाला मारते ते शरीरातले पाणी आणि क्षार निघून जाणे. कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले की कॉलऱ्याचा जिवाणू एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्यात पाणी ओतले जाते. पण त्याही अवस्थेत आतडे साखर आणि मीठ जोडीने आत घेऊ शकते, आणि त्यांच्यामागून पाणी येते. जलसंजीवनी चालते ती यामुळे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर हेच पाणी पाजले आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आले.

जलसंजीवनीचे (ओआरएस) १ लिटरचे पाकीट एकाच वेळी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धे पाकीट अर्ध्या लिटरला असे करू नका, पाकिटातले क्षार सारखे विभागले जात नाहीत. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्याला सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ जास्त झाले तर बाळाला धोका असतो, म्हणून आधी चव घ्या: अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्या. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना हवे तितके. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध बंद करू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज १४ दिवस, त्याखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू परत जाते, डोळे खोल गेलेत, मूल मलूल आहे, पाणीही पिता येत नाही, लघवी बंद झाली आहे, यांतले काहीही दिसले तर गाडी बोलवा आणि वाटेतही पाजत राहा.

इकडे विहिरीवर साथ संपेपर्यंत रोज रात्री टीसीएल आणि रोज सकाळी ओटी चालू ठेवा. वहीत पाण्याची खोली, पावडर ग्रॅममध्ये, वेळ, विहिरीवरचा आणि शेवटच्या नळाचा पीपीएम असे पाच रकाने करा. विहिरीच्या १५ मीटरच्या आत शौचखड्डा, उकिरडा किंवा गोठा आहे का, ओट्याला भेग पडली आहे का, कपडे धुण्याचे पाणी परत आत झिरपते का, हे दिवसा उजेडी फिरून बघा. भेग सिमेंटने बुजवली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हॉरॉक्स पुन्हा करा. निळा कप तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला असेल तर तिथूनच घाण येत होती.